बोरीवरचा कोसा

एप्रिल-मे महिन्यात औंढा नागनाथच्या डोंगरात किंवा सिद्धेश्वर धरणाकडच्या माळावर भटकायला जाणार असाल, तर वाटेतल्या बोरींकडे निरखून बघत चला. पाला झडलेला असतो, म्हणून काटेरी फांदीला लटकलेला टसर पतंगाचा कोसा एरवीपेक्षा लवकर नजरेत भरतो. लहान गावरान अंड्याएवढा, मातकट करडा, टणक. त्याला देठ असतो आणि देठाचं टोक फांदीभोवती कड्यासारखं वळलेलं असतं. हे कडं आधी शोधा. देठाच्या बाजूला भोक दिसलं तर पतंग उडून गेलाय. नसेल तर आत जीव असू शकतो, फांदी मोडू नका. ओढ्याकाठच्या अर्जुनावर, रानातल्या ऐनावरही बघा. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ढिवर समाजाची माणसं ऐनावर हाच कोसा पाळतात.

जागा टिपून ठेवा आणि मृगाचा पाऊस पडला की संध्याकाळी परत या. पंख पसरले की पतंग साधारण 15 सेंटीमीटर भरतो. चारही पंखांवर एकेक गोल डोळा असतो, आणि त्या डोळ्याच्या मधोमध खवलेच नसतात. एकदा माझी बॅटरी नकळत पंखाच्या मागे गेली आणि अंधारात अभ्रकाच्या चार चकत्या उजळल्या. तेव्हापासून मी आधी मागूनच उजेड धरतो. त्याच भागात एक मोठा काळपट तपकिरी पतंग भेटतो; त्याचा डोळा फक्त पुढच्या पंखांवर असतो आणि त्यातून उजेड आरपार येत नाही.  

नर विटकरी, मिशा पिसासारख्या रुंद. मादी पिवळसर, पोट जड, मिशा अरुंद. दोघांनाही खायला तोंडच नाही, सुरवंटपणी साठवलेल्यावर जेमतेम काही दिवस काढायचे असतात. म्हणून पांढरी चादर टांगून दिवा लावलात तर अर्ध्या तासात विझवा. दिव्याभोवती घिरट्या घालण्यात त्यांची रात्र जाऊ नये. पंखांना बोट लावू नका, खवले झडतात.

वनखात्याच्या हद्दीत रात्री थांबायचं तर आधी परवानगी काढा. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे हवेत. दगडगोट्यांत फुरसं असतं, तेव्हा उजेड आधी पायाशी आणि मग फांदीवर.