दांडी तुटते ती टाक्याच्या शेजारी

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची दांडी तुटली की मालक आधी वेल्डिंगवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. वेल्डिंगवाला ठणकावून सांगतो, "भाऊ, माझा टाका पाहा, जसाच्या तसा आहे. तुटलं ते बाजूचं लोखंड." दोघांचंही म्हणणं खरं असतं, म्हणून भांडण मिटत नाही. दांडी टाक्यावर क्वचितच तुटते. ती तुटते टाक्याच्या कडेला, जिथे वेल्डिंग संपतं आणि मूळ लोखंड सुरू होतं. मला बोलायचंय ते या कडेबद्दल.

मी अल्लीपूरचा कास्तकार. आयटीआयला वेल्डरचा ट्रेड केला, काही वर्षं बुटीबोरीच्या एका कारखान्यात होल्डर धरला आणि मग घरच्या शेतीत परतलो. घरी ट्रॅक्टर, पंजी आणि दोन चाकांची ट्रॉली आहे. ट्रॉली जुनी घेतलेली. आमच्या दारात आली तेव्हाच तिच्या दांडीवर खालून एक जाड चौकोनी पट्टी चारही बाजूंनी भरून मारलेली होती. विकणारा ती पट्टी दाखवून म्हणाला होता, "आता ही काय तुटते!" ती पट्टी खरंच तुटली नाही.

दिवाळीनंतरचे दिवस होते. कापूस भरून पहाटे हिंगणघाटच्या बाजार समितीकडे निघालो होतो. एका गतिरोधकावर पुढची चाकं उतरली, मागची उतरली, आणि पाठीमागे खाडकन आवाज आला. दांडी खालून उघडली होती आणि ट्रॉलीचं तोंड रस्त्यावर टेकत चाललं होतं. वेग कमी होता, साखळी लावलेली होती, म्हणून ट्रॉली सुटून मागच्या मोटरसायकलवाल्यावर गेली नाही. उजाडेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून होतो आणि तेवढ्या वेळात टॉर्च लावून तुटलेलं तोंड नीट पाहिलं. ते पाहणं मला फार शिकवून गेलं.

दांडीच्या तुटलेल्या चॅनलच्या तोंडावर दोन रंग होते. एक भाग काळपट-तांबूस, हात फिरवला तर गुळगुळीत, आणि त्यावर एकामागे एक बारीक कमानदार रेघा. त्या सगळ्या रेघांचं मूळ एकाच ठिकाणी होतं, पट्टीच्या आडव्या टाक्याच्या टोकाशी. उरलेला भाग चकचकीत, खडबडीत, दाणेदार. तो त्या पहाटे तुटलेला. काळपट भाग मात्र कित्येक महिने हळूहळू उघडत आला होता, त्यात पाणी शिरून गंजही चढला होता. म्हणजे आम्ही ज्या दांडीच्या भरवशावर माल नेत होतो, तिचं निम्म्याहून जास्त लोखंड आधीच कामातून गेलेलं होतं. दुर्घटना गतिरोधकावर घडली, एवढंच.

याला धातूची थकावट म्हणतात. बांधायची तार हाताने तुटत नाही, पण मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते, तसंच हे. एकदाच्या ओझ्याने दांडी मोडत नाही. पांदणीतल्या प्रत्येक खड्ड्यात ती थोडी वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका वेळी सहज पेलतं तेवढंच वजन पुनःपुन्हा दिलं तर लोखंड त्यातही तुटतं. वेल्डिंगच्या जोडाचा हिशेब तर फारच निर्दयी आहे. ताण दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. ताण नुसता सव्वापट केला, म्हणजे चारच्या जागी पाच टन भरले, तरी आयुष्य जवळपास निम्मं होतं. "थोडं जास्त भरलं तर काय होते" याचं उत्तर हे आहे. त्या दिवशी काहीच होत नाही.

आमच्याकडे ट्रॉली मरते ती कापसाने नाही. कापूस दिसायला डोंगर, वजनाला हलका. ट्रॉली मरते मुरमाने, गिट्टीने आणि ओल्या मातीने. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडा मुरूम घेतला तरी त्याचं वजन साडेचार टनांच्या आसपास जातं, पावसात भिजलेला असेल तर आणखी वर. यशोदा नदीच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाळ्यात चाक गिळते आणि उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात. त्यावरून भरलेली ट्रॉली नेली की प्रत्येक धक्का दांडीवरच उतरतो. शिवाय दोन चाकांच्या ट्रॉलीत माल पुढे लोटून भरायची सवय असते. तो भार आस सोडून दांडीवर बसतो. मग चॅनलची खालची कड ताणली जाते आणि चीर तिथूनच निघते. वरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही, चिखल आणि ग्रीसखाली झाकलेली असते.

आता पट्टीकडे येतो. जाड पट्टी मारली की जागा मजबूत होते, हे खरं. पण लवचीक दांडीतला एक तुकडा एकदम ताठ होतो आणि पुढचा लवचीकच राहतो. वाकायचं काम मग पट्टी जिथे संपते तिथे गोळा होतं. त्यात ती पट्टी दांडीच्या आरपार आडव्या टाक्याने मारलेली असेल, तर टाक्याची कड, त्यातली बारीक खाच आणि गोळा झालेला ताण तिन्ही एकाच रेघेवर येतात. चीर जुन्या जागेवरून उठून चार बोटं पुढे जाते. मालक पुन्हा येतो, आणखी लांब पट्टी मारून घेतो. गावात अशा दांड्या आहेत ज्यांच्यावर मूळ लोखंडापेक्षा ठिगळाचं लोखंड जास्त आहे.

टाक्याचा आकार पाहून त्याला क्षुल्लक समजू नये. २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेच्या समुद्रात 'अलेक्झांडर किलँड' नावाचा अजस्र तरंगता मंच उलटला आणि १२३ माणसं गेली. तपासात चिरेचा उगम सापडला तो एका छोट्या आधारावर. पाण्यातला आवाज टिपणारं उपकरण बसवायला मंचाच्या एका आडव्या नळीवर तो आधार वेल्ड केला होता. टाका अवघा ६ मिलिमीटरचा. त्या आधारावर कसलाच भार नव्हता, पण ज्या नळीवर तो चिकटवला तिच्यावर होता. आपल्याकडे दांडीच्या खालच्या कडेला कोणी पाण्याच्या डब्यासाठी हूक लावतो, कोणी साखळीसाठी कडी चिकटवतो. ते सगळं चॅनलच्या उभ्या पोटाच्या मध्यावर लावा किंवा नटबोल्टने वरच्या चौकटीला लावा. खालच्या कडेवर होल्डर नेऊ नका.

दुरुस्तीची पहिली पायरी वेल्डिंग मशीन नाही. ट्रॉली रिकामी करा, ट्रॅक्टरपासून सोडा, खाली भक्कम घोड्या लावून दांडीवरचा भार काढा. रंग आणि गंज ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत उतरवा. मग चीर कुठून कुठवर आहे ते शोधा. बाजारात तीन डब्यांचा फवारा मिळतो: सफाईचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या भुकटीचा. तो नसेल तर जुनी रेल्वे कारखान्यांतली रीत अजूनही काम देते. रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, कोरडं पुसा, वरून खडूची भुकटी फासा आणि हातोडीने हलके ठोका. चिरेत शिरलेलं रॉकेल भुकटीवर ओली रेघ काढतं. ती रेघ डोळ्यांना दिसलेल्या चिरेपेक्षा हमखास लांब निघते.

त्या रेघेच्या थोडं पुढे, दोन्ही टोकांना, ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडा. चिरेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे एकवटतो. गोल भोकाने ते टोक बोथट होतं. काही जण नुसतं भोक पाडून मोसम काढतात. तसं शेतातून घरापर्यंत यायला ठीक आहे, भरलेल्या ट्रॉलीसाठी नाही. भोकं पाडल्यावर संपूर्ण चीर व्ही आकारात कोरून काढा, अगदी तळापर्यंत. वरवर खरवडून टाका ओतला की खाली चीर तशीच राहते आणि वर नवं लोखंड छान दिसतं. वर्कशॉपवाला घाईत असेल तर कोरण्याचं काम तुम्ही उभं राहून करून घ्या. टाका मारण्यापेक्षा यालाच जास्त वेळ लागतो, आणि मजुरी मात्र टाक्याची मोजली जाते, म्हणून हे काम चुकवलं जातं.

रॉडच्या बाबतीत सांगतो. गेट-ग्रिलला वापरतात तो ६०१३ इथे नको, ७०१८ घ्या. त्याचा टाका प्रति चौरस इंच ७०,००० पौंडांचा ताण घेतो, पण खरा फायदा तो नाही. त्याच्या लेपात ओल कमी असते, म्हणून टाक्यात हायड्रोजन कमी शिरतो आणि नंतरच्या बारीक चिरा टळतात. हा फायदा रॉड कोरडा असेल तरच. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला ७०१८ वापरणं म्हणजे जास्तीचे पैसे देऊन ओल विकत घेणं. उन्हात ठेवून तो वाळत नाही, त्याला भट्टीत ३०० अंशांच्या आसपास भाजावं लागतं. भट्टी नसेल तर बंद पुडा त्याच दिवशी फोडा. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर तो नीट पेटत नाही, डीसी इन्व्हर्टर मशीन बघा. प्रत्येक थरानंतर पोपडा पूर्ण काढायचा. टाका कडेवर सुरू करायचा नाही आणि कडेवर सोडायचाही नाही, कारण तिथेच खड्डा पडतो. शेवटी टाका ग्राइंडरने बाजूच्या लोखंडाशी सपाट मिळवा. चाकाच्या रेघा दांडीच्या लांबीच्या दिशेने ठेवा, आडव्या ठेवू नका. आडवी रेघ म्हणजे पुढच्या चिरेसाठी आखून दिलेली वाट.

पट्टी लावायचीच असेल तर चौकोनी नको. दोन्ही टोकांना पतंगासारखी निमुळती कापा, म्हणजे ताठपणा एकदम न संपता हळूहळू ओसरतो. जाडी मूळ चॅनलपेक्षा जास्त नको. शक्यतो ती चॅनलच्या उभ्या पोटावर बसवा आणि टाके लांबीच्या दिशेने मारा, टोकांना आडवे मारू नका. "जाड प्लेट टाक, भारी लोखंड टाक" असा आग्रह धरणाऱ्यांना एक गोष्ट पटत नाही: वेल्डिंगच्या जोडाची थकावट लोखंडाच्या प्रतीवर फारशी अवलंबून नसते, जोडाच्या आकारावर असते. महागडं स्टील आणि वाईट टाका यांची जोडी साध्या लोखंडासारखीच तुटते.

अर्थिंगचा चिमटा टाक्याजवळच लावा. दूर चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून वाहतो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर बॅटरीची तार काढा. आणि टायर रिमवर असताना, हवा सोडलेली असली तरी, त्या रिमला कधीच आच लावू नका. टायर बॉम्बसारखं फुटतं. ते रिमवरून पूर्ण उतरवल्याशिवाय कोणीही सांगितलं तरी ऐकू नका.

अॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. तुषार सिंचनाचे जुने पाइप, मोटरसायकलच्या इंजिनची कवचं, फुटरेस्टचे ब्रॅकेट घेऊन लोक येतात आणि लोखंडासारखा टाका मागतात. लोखंड लाल होऊन इशारा देतं. अॅल्युमिनियम रंग न बदलता ६६० अंशांना अचानक गळून पडतं. त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा मात्र २,००० अंशांच्याही वर वितळतो. म्हणून एसी टिग मशीन, आरगॉन वायू आणि त्या मिश्रधातूला जुळणारी तार लागते. आणि एवढं सगळं नीट केलं तरी ६०६१ टी-६ सारख्या कडक केलेल्या अॅल्युमिनियमची टाक्यालगतची ताकद जवळपास निम्म्यावर येते, कारण कारखान्यात दिलेला कडकपणा त्या उष्णतेने निघून जातो.  लोखंडाला अमुक एका ताणाखाली वर्षानुवर्षं चालण्याची काही आशा असते, अॅल्युमिनियमला तीही नाही. म्हणून भार पेलणारा अॅल्युमिनियमचा भाग चिरला तर माझं मत स्पष्ट आहे: बदला. झाकण, कव्हर असेल तर खुशाल जोडून घ्या.

आमच्या दांडीचं पुढे काय झालं, असं लोक विचारतात. ती मी जोडली नाही. जुन्या ठिगळांचं लोखंड इतकं तापून-थंडावून झालं होतं की कोणता टाका कुठे संपतो तेच कळत नव्हतं. नवीन चॅनल आणून दांडी पूर्ण बदलली. खर्च दुखला, पण दर मोसमाला पट्टी मारून घेण्यापेक्षा तो हिशेबात बसतो.

ट्रॉली धुतली की दांडी खालून कोरडी होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी टॉर्च लावून पाहा. रंगावर केसासारखा तडा आणि त्याच्यातून उतरलेला गंजाचा तांबूस ओघळ दिसला, तर तो रंग उडालेला नाही, लोखंड उघडलेलं आहे. टाक्यांची टोकं, भोकांच्या कडा आणि दांडी चौकटीला मिळते तो कोपरा, एवढं तपासलं तरी बहुतेक चिरा सापडतात. वेचणी सुरू होण्याआधी एकदा आणि मुरमाचं काम उरकल्यावर एकदा, हे नक्की करा.

आणि शेवटी मालकांना हात जोडून विनंती. मालाच्या ट्रॉलीतून माणसं नेणं कायद्यातच बसत नाही, तरी वेचणीच्या दिवसांत पहाटे बायाबापड्या ट्रॉलीत बसूनच शेतात जातात हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. दांडीवर ओघळ दिसलेल्या ट्रॉलीत तरी त्यांना बसवू नका. दुरुस्ती झाली असेल तरीसुद्धा नाही.