कायदा कोण करतं, राबवतं कोण आणि तपासतं कोण?

मैत्रिणींनो, "सरकारनं काढून टाकलं, आता काय करणार?" असं आपण बोलून जातो. पण सरकार म्हणजे काही एकच साहेब नव्हे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंचताईंचं प्रकरण बघा.

२०२१ साली त्या महिला राखीव जागेवरून निवडून आल्या. मग गावातल्या काहींनी तक्रार केली, की ताई सासूबाईंसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात. ताई म्हणाल्या, मी नवरा-लेकरांसोबत वेगळी, भाड्याच्या घरात राहते. तरी जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केलं. उच्च न्यायालयात तांत्रिक कारणावरून याचिका फेटाळली गेली. ताई थांबल्या नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि मुदत संपेपर्यंत त्यांचं सरपंचपद राखलं. बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही, असंही निकालात म्हटलंय.

आता यात कोण काय करत होतं? पंचायतीत बायकांना निम्म्या जागा देणारा २०११ चा कायदा विधिमंडळानं केला. अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र, हा नियमही विधिमंडळाच्याच कायद्यातला. तो राबवायचं काम जिल्हाधिकाऱ्यांचं. नीट राबवला का, हे तपासायचं काम न्यायालयाचं. आपल्या गटातही बैठक ठराव करते, सचिव तो राबवते आणि हिशोब तपासायला तिसरीच व्यक्ती येते. सचिवानं स्वतःचीच वही तपासली तर कोण भरवसा ठेवेल?

एक गोम मात्र आहे. वरच्या प्रकरणात जिल्हाधिकारीच आधी न्याय देणारे होते. म्हणजे ही वाटणी अजून पुरती झालेली नाही. न्यायदान कारभारापासून वेगळं करावं, असं संविधानाचं कलम ५० सांगतं. म्हणून कागद हातात आला की "याच्या वर अपील कुठं?" हे आधी विचारायचं.

आपलं काम कुणाकडं, हेही यावरूनच कळतं. रेशनकार्ड अडलं तर तहसील. कायदाच बदलून हवा असेल तर आमदार. नांदेडचे ९, लातूरचे ६. पोटगी हवी असेल तर कोर्ट, तिथं आमदाराची चिठ्ठी चालत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं उच्च न्यायालय म्हणजे औरंगाबाद खंडपीठ.

वकिलाच्या फीची धास्ती वाटते ना? बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यायचा, नाहीतर १५१०० वर फोन करायचा.