घरचा कॉम्प्युटर मोबाइल डेटावरून: पैसे कुठे लागतात, कुठे नाहीत

घरातल्या वाय-फायवर मोबाइलमधून कॉम्प्युटर लगेच उघडतो. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा लावला की मात्र 'कनेक्टिंग' नुसतं फिरत राहतं. घरच्या डेस्कटॉपवर टॅली ठेवणाऱ्या अकाउंटंटपासून सुट्टीत गावी गेलेल्या विद्यार्थ्यापर्यंत अनेकांची तक्रार हीच असते. त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्टॅटिक आयपी, अर्थात इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता. त्यासाठी पैसे भरण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या. साध्या घरगुती वापराला बहुधा त्याची गरज पडत नाही.

आधी राउटरचं पान उघडा. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरवर १९२.१६८.२९.१. तिथे 'वॅन आयपी' म्हणून जो आकडा दिसतो तो टिपून घ्या. मग त्याच वाय-फायवर गुगलमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' शोधा. दोन्ही आकडे वेगळे असतील, किंवा राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. सोसायटीच्या गेटवर पाहुणा आलाय, पण त्याच्याकडे फ्लॅट नंबरच नाही, तसं हे.

यावरचा उपाय फुकट आहे. क्रोम रिमोट डेस्कटॉपला पैसे पडत नाहीत, एनीडेस्क आणि रस्टडेस्कही वैयक्तिक वापराला मोफत मिळतात. यांत घरचा कॉम्प्युटर स्वतःच बाहेरच्या सर्व्हरशी जोडलेला राहतो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. विंडोजचंच रिमोट डेस्कटॉप हवं असेल तर घरच्या कॉम्प्युटरवर प्रो आवृत्ती लागते, होमवर ते बाहेरची जोडणी स्वीकारत नाही. पण निव्वळ एवढ्यासाठी प्रो विकत घेऊ नका. प्रो आधीपासूनच असेल, तर दोन उपकरणं खासगीरीत्या जोडणारं टेलस्केल हे ॲप कॉम्प्युटर आणि मोबाइल दोन्हीकडे टाका. घरगुती वापराला तेही मोफत आहे.

सार्वजनिक पत्ता असला तरी विंडोज रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. पासवर्ड फोडणारे प्रोग्राम ते पोर्ट सतत धुंडाळत असतात, रॅन्समवेअर शिरण्याची ही नेहमीची वाट आहे. पोर्टचा नंबर बदलूनही धोका टळत नाही. आणि बँकेतून बोलतोय असं सांगून कुणी एनीडेस्क टाकायला लावलं, त्यातला कोड मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० वर कळवा.

खरा खर्च विजेचा. डेस्कटॉप नुसता चालू राहिला तरी ६० वॉट खातो असं धरलं, तर महिन्याला ४३ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले, तर सव्वाचारशेच्या वर बिल. स्लीपमध्ये तो दोन-चार वॉटवर येतो, पण मग मोबाइलवरून जागा होत नाही. वेक-ऑन-लॅनचा इशारा साधारणपणे घरातल्या नेटवर्कपुरताच चालतो, तो पाठवायला घरातच दुसरं काहीतरी चालू असावं लागतं. म्हणून काम असेल त्या दिवसांपुरतंच स्लीप 'नेव्हर' करा. मॉनिटर मात्र बंदच ठेवा.

लाइट गेली की राउटर बंद, कॉम्प्युटरही बंद. राउटरचा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस हजार-दीड हजारांत मिळतो. पण कॉम्प्युटरला बॅकअप नसेल तर त्याचा उपयोग अर्धाच. तेव्हा आधी बायोसमध्ये जाऊन वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा. तिला काही खर्च नाही.

डेटाचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला १ मेगाबिट धरलं, तर तासाला ४५० एमबी जातात. रोजच्या दीड जीबीत साधारण सव्वातीन तास काम होतं. कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला, की स्क्रीन अडकायला लागते. रंग आणि रिझोल्यूशन कमी केलं, वॉलपेपर काढला, की डेटा बराच वाचतो.

स्टॅटिक आयपी लागतो तो घरी सर्व्हर चालवणाऱ्यांना, किंवा ज्यांच्या ऑफिसचं फायरवॉल ठराविक पत्त्यालाच आत सोडतं त्यांना. घेताना १८ टक्के जीएसटी धरून वर्षाचा आकडा विचारा, त्यासाठी महागडा प्लॅन घ्यावा लागतो का तेही विचारा, आणि तो खरोखर सार्वजनिक पत्ता आहे हे लेखी घ्या.