मुलांचे दात आणि सहाव्या वर्षाची दाढ

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने दातांविषयी लेख लिहावा, हे पुष्कळांस विचित्र वाटेल. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही व वैद्यकाचा त्यास काही अधिकार नाही. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या बुधवाऱ्यातील घरी जो प्रकार घडला तो निव्वळ अज्ञानामुळे घडला, आणि तेच अज्ञान आपल्या ओळखीच्या अनेक घरांत आहे असे चौकशीअंती आढळून आले. म्हणून लेखणी हाती घेतली आहे. पुढील माहिती दंतवैद्यांस पुनःपुन्हा विचारून व वाचून जमविली आहे.

प्रकार असा. माझी नात तेव्हा आठ वर्षांची होती. खालच्या जबड्यातील मागची दाढ दुखते, अशी तिची तक्रार होती. घरात आम्ही चार वडीलधारी माणसे. चौघांचेही मत पडले की, दुधाची दाढ आहे, आज ना उद्या पडेलच. लवंगेचे तेल लावा. दोन महिने लवंगेचे तेल लावले. गाल सुजून ताप आला तेव्हा दंतवैद्याकडे नेले. त्यांनी दाढ पाहिली व एवढेच विचारले, "ही दुधाची आहे, असे आपणांस कोणी सांगितले?" ती दुधाची नव्हती. जन्मभर पुरावयाची दाढ ती, दोन वर्षांत मुळापर्यंत सडली होती. काढावी लागली. पोत्यास परखी लावल्यावाचून मी कधी माल घेतला नाही. नातीच्या तोंडात मात्र एकदाही नीट पाहिले नव्हते.

दुधाचे दात एकंदर २०: पुढचे ८, सुळे ४ व दाढा ८. पहिला दात बहुधा खालच्या जबड्यात मध्यभागी सहा ते दहा महिन्यांच्या सुमारास दिसतो. मग वरचे पुढचे दात, दीड वर्षाच्या आगेमागे पहिल्या दाढा, त्यानंतर सुळे, आणि अडीच ते तीन वर्षांत वीसही दात पुरे होतात. दोन-चार महिन्यांचा फरक पडला तर चिंतेचे कारण नाही. दीड वर्षाच्या बाळास एकही दात नसेल तर मात्र दाखवावे. वरचे दात आधी आले तर ते मामास जड जातात, ही समजूत आपल्याकडे अद्याप आहे. मामांनी निश्चिंत असावे.

याहून घातक समजूत दुसरी आहे. दात येताना ताप व जुलाब व्हावयाचेच, असे मानून बाळास घरीच ठेवतात. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिर करते, अंग किंचित कोमट लागते, एवढेच. त्याच वयात आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरू लागते आणि मूल हाताशी येईल ते तोंडात घालते, म्हणून आजार त्याच सुमारास जडतात. मोठा ताप किंवा जुलाब दातांवर ढकलू नयेत. बाळास डॉक्टरांकडे न्यावे.

आता मुख्य मुद्दा. संस्कृतात दातास द्विज म्हणतात, कारण तो दोनदा जन्म घेतो. बालरोगांवरील काश्यपसंहितेत दातांच्या जन्माविषयी दंतजन्मिक नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. परंतु मोठ्या माणसाच्या ३२ दातांपैकी २० च द्विज असतात. उरलेल्या १२ दाढा एकदाच येतात, आणि त्यांतील पहिल्या चार सहाव्या-सातव्या वर्षी येतात. ही सहाव्या वर्षाची दाढ कोणताही दात पाडून येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, मोकळ्या जागेत ती गुपचूप उगवते. पुढचा दात हलू लागला की सारे घर जागे होते. पडलेला दात कौलावर टाकावा की उंदराच्या बिळात, याची चर्चा होते. या दाढेची वार्ता कोणासच नसते. तिच्यावर खोल खाचा असतात, तिचे वरचे कवच नुकतेच आलेले व कोवळे असते, आणि मुलाचा ब्रश तेथवर पोहोचत नाही. त्यामुळे सर्वांत आधी किडते ती बहुधा हीच. या खाचा वेळीच पातळ लेप देऊन बुजविता येतात. त्यास फारसा वेळ लागत नाही व दुखतही नाही. आमच्या नातीस कोणी सहा वर्षांची असताना नेले असते तर एवढ्यावरच भागले असते.

"दुधाचे आहेत, पडायचेच आहेत," हा युक्तिवाद खऱ्या दुधाच्या दाढांसही लागू पडत नाही. त्यांतील काही दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहावयाच्या असतात. त्या लवकर काढल्या तर गोदामातील थप्पीचे मधले पोते ओढल्यासारखे होते. मागची दाढ पुढे झुकते व खाली वाट पाहणाऱ्या दातास जागा उरत नाही. मग दात वाकडे येतात आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी आपण दैवास बोल लावतो.

दाताची कीड म्हणजे सोंड्यासारखा किडा नव्हे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा काढून दाखविणारे फिरस्ते हातचलाखी करतात. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेचे आम्ल करतात व ते आम्ल दाताचे कवच विरघळविते. म्हणून गोड किती खाल्ले याहून कितीदा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे. आपल्या गावी दराबा आणि मावा जिलेबी आहेत. मी कोणासही त्या सोडावयास सांगणार नाही, मला स्वतःसही ते जमलेले नाही. परंतु जेवणाबरोबर एकदा खाल्लेली जिलेबी, दिवसभर खिशातून काढून चघळलेल्या गोळ्या-बिस्किटांहून कमी बाधते. गोड दुधाची बाटली तोंडात देऊन बाळास निजविणे तर सर्वांत वाईट. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा आपल्या घरांतील प्रघात दातांसही हितावह आहे. मात्र चौविहार असेल तर मुलांचे दात त्यापूर्वीच घासून घ्यावेत, नाही तर ते तसेच राहून जातात.

पहिला दात दिसताच साफसफाईस आरंभ करावा. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी; हे माप आपणां व्यापाऱ्यांस वेगळे समजावून सांगणे नको. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने स्वतः घासून द्यावे. मिसरी ही भाजलेली तंबाखूच आहे. ती मुलाच्या हिरडीस कदापि लावू नये. धार, झाबुआ, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत काही ठिकाणी भूगर्भातील पाण्यातच फ्लोराइड जादा आहे. तेथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे वा तपकिरी डाग दिसतात. ते दात घडतानाच पडलेले असतात, घासून जात नाहीत. त्यासाठी मुलास रागावू नये.

दंतवैद्याकडे पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास एकदा जावे व पुढे वर्षातून एकदोनदा. दातावर खडूसारखा पांढरा पट्टा, काळा खळगा, थंड पाण्याने कळ, हिरडीवर फोड, चार वर्षांनंतरही अंगठा चोखणे, दुधाचा दात न हलता त्याच्या मागे दुसरा उगवणे, यांपैकी काही दिसल्यास थांबू नये. गाल सुजून ताप असेल तर त्याच दिवशी जावे. उलट, सात ते अकरा या वयात वरच्या पुढच्या दातांत फट दिसते ती सुळे आल्यावर बहुधा आपोआप मिटते; तेथे घाई नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ सालापासून मुलांच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. शाळेत पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नये.

पडून मुलाचा कायमचा दात मुळासकट निघाला तर तो पांढऱ्या भागास धरून उचलावा, मुळास हात लावू नये व घासू नये. माती लागली असल्यास पाण्याने क्षणभर धुवावा व जमल्यास त्याच खोबणीत बसवावा. न जमल्यास थंड दुधाच्या पेल्यात टाकून अर्ध्या-पाऊण तासात दंतवैद्याकडे धावावे. असा दात पुन्हा जगू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. खालच्या कोंबास इजा होते.

आमच्या सूनबाईंनी आता धाकट्या नातवासाठी रोजमेळाच्या जुन्या वहीत एक पान राखून ठेवले आहे. दात कोणता, कोणत्या तारखेस दिसला, अशी नोंद त्यात होते. गेल्या महिन्याची नोंद आहे: खालची उजवी मागची दाढ, वय सहा वर्षे दोन महिने. पुढच्या ओळीत दंतवैद्याकडे जाण्याची तारीख आहे.