जुनी जीप आणि चिखलाची वाट

प्रश्न : माझ्याकडे १९९४ची महिंद्रा एमएम ५४० फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आहे. पावसाळ्यात भुदरगडाकडच्या कच्च्या वाटांवर नेतो, ओढेही ओलांडतो. काय काळजी घ्यावी?

उत्तर : गाडी जरूर न्या, ती त्यासाठीच बनली आहे. मात्र अशा गाड्यांचा घात चिखलापेक्षा पाणी जास्त करतं. धावून तापलेला अ‍ॅक्सल थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आक्रसते. ब्रीदर (अ‍ॅक्सलमधली हवा ये-जा करण्याचं छिद्र) मातीने बुजलेला असेल, तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून ओढा ओलांडलात की घरी आल्यावर पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचा प्लग उघडून बोट घाला. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला, नाहीतर बेअरिंग आणि गिअर गंजून जातील. ट्रान्सफर केसचं ऑइलही तपासा. प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटमध्ये आतलं पाणी आणि जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं ग्रीस भरा.

चाकाच्या मध्यापेक्षा खोल पाण्यात उतरू नका. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवा, ड्रम सुकतील.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हील काढून टाका. या गाडीत मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

चासीवर गंज धरला असेल, तर आधी वेल्डिंग करून घ्या. तोवर घाटवाटेवर गाडी काढू नका.