अंगण आपलं, अटी कॉलनीच्या

ह्यूस्टनच्या उपनगरात आम्ही घर घेतलं, त्याच्या मागच्या बाजूला शेजारच्या ओकची दाट सावली आणि पुढे लख्ख ऊन. भेंडी-दुधीला सहा-सात तास ऊन हवंच, तेव्हा वाफे पुढच्या अंगणातच करायचे ठरले. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाईंना यात विचार करण्यासारखं काय आहे तेच कळेना. "गुरं नाहीत, ढोरं नाहीत, मग एवढं गवत लावता कशाला आणि दर आठवड्याला कापून फेकता कशाला?" असं त्या विचारत. प्रश्न बिनतोड होता. पण अमेरिकेत घरापुढे भाजी लावायची तर कुदळीच्या आधी कागद हातात घ्यावा लागतो. त्या कागदांतून आणि मातीतून जे उमगलं ते नव्याने घर घेणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. स्वयंपाकघर बघण्याआधी 'डीड रिस्ट्रिक्शन्स' बघा.

ह्यूस्टन हे झोनिंग नसलेलं अमेरिकेतलं सर्वांत मोठं शहर. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मोकळीक आहे! प्रत्यक्षात झोनिंगचं बरंचसं काम इथे मालमत्तेवर नोंदवलेल्या अटी करतात. बिल्डर प्लॉट पाडतानाच त्या काउंटी क्लार्कच्या दफ्तरात नोंदवतो आणि मग त्या जमिनीला चिकटतात. घर कितीही हातांतून गेलं तरी आजच्या मालकाला त्या लागू. शहराच्या हद्दीत अशा काही अटी मोडणाऱ्यांवर खुद्द महापालिकेचा विधी विभाग कारवाई करू शकतो. कॉलन्यांमध्ये हे काम घरमालकांचा संघ, म्हणजे एचओए, करतो.

त्या दस्तऐवजात 'भाजी' हा शब्द शोधून थांबू नका, बहुतेक वेळा तो नसतोच. 'रस्त्यावरून दिसणारा भाग', 'बिल्डिंग लाइनच्या पुढे', 'लॉन, झुडपं आणि शोभेची झाडं', 'समितीच्या मते परिसराशी सुसंगत' असे शब्द बघा. यातला शेवटचा सर्वांत महागात पडतो, कारण संघाच्या या समितीची माणसं बदलली की मतही बदलतं.

जाता जाता एक सांगते. याच कागदांत एकेकाळी कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही अशी अट सर्रास असे, आणि कित्येक ठिकाणी आशियाई वंशाच्या माणसालाही. 'शेली विरुद्ध क्रेमर' या १९४८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोर्टांनी अशा अटींची अंमलबजावणी करू नये असं ठरवलं, आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने त्यांना पुरती मूठमाती दिली. जुन्या नोंदींत ती वाक्यं अजून सापडतात. त्यामुळे 'पूर्वीपासूनचा नियम आहे' एवढ्या एका कारणावर मी मान डोलवत नाही.

२. वर्तमानपत्रात वाचलेला विजय आपल्या कॉलनीत लागू असेलच असं नाही.

हर्मिन रिकेट्स आणि टॉम कॅरल या फ्लोरिडातल्या जोडप्याची गोष्ट इथल्या बागप्रेमींना पाठ आहे. मायामी शोअर्स गावात त्यांनी सतरा वर्षं घरापुढे भाजी पिकवली. २०१३ मध्ये गावाने पुढच्या अंगणातल्या भाजीवर बंदी घातली आणि रोज ५० डॉलर दंडाचा धाक दाखवला. त्यांनी झाडं उपटली आणि कोर्टात गेले. तिथे हरले, अपिलातही हरले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे खरं. पण या दोघांच्या हरण्यामुळेच गाजावाजा झाला आणि २०१९ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने कायदा करून नगरपालिकांना घरच्या भाजीबागांवर बंदी घालण्यापासून रोखलं.

आता बारीक अक्षरांतलं वाचा. त्या कायद्याने हात बांधले ते नगरपालिकांचे. घरमालकांच्या संघाशी झालेला करार जागच्या जागी आहे. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये थेट संघांनाच चाप लावला, पण तो मागच्या अंगणापुरता. मिशिगनमधल्या ओक पार्क गावात २०११ मध्ये ज्युली बास या बाईंवर घरापुढच्या वाफ्यांसाठी फौजदारी गुन्हा दाखल झाला होता, ९३ दिवसांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद असलेला. देशभर हसं झाल्यावर तो मागे घेतला गेला. सरकारला जनतेची लाज वाटू शकते. कॉलनीच्या समितीला ती वाटेलच याची खात्री नाही, कारण समितीचं नाव बाहेर कोणालाच माहीत नसतं.

३. संघाचं पत्र आलं तर हातपाय गाळू नका, आणि ते ड्रॉवरमध्येही टाकू नका.

आमचं पत्र आलं ते फोटोसकट. चालत्या गाडीतून काढलेला, जरासा हललेला फोटो: दाराशेजारी जाळीवर चढलेला वेल आणि त्याला लोंबणारे दोन दुधी, त्यांच्याभोवती लाल वर्तुळ. खाली लिहिलं होतं, 'मान्यता नसलेलं बांधकाम'. म्हणजे तक्रार दुधीची नव्हती, जाळीची होती.

टेक्ससच्या कायद्यानुसार दंड लावण्याआधी संघाला सर्टिफाइड टपालाने लेखी नोटीस द्यावी लागते, चूक सुधारायला वाजवी मुदत द्यावी लागते आणि तुम्ही तीस दिवसांत मागितलीत तर समितीपुढे सुनावणीही द्यावी लागते. केवळ दंड थकला म्हणून घरावर जप्ती आणता येत नाही. हे ठाऊक असलं की रात्रीची झोप उडत नाही. उत्तर मात्र लेखीच द्या, आणि रागाचं पत्र लिहून झालं की एक दिवस ठेवून मग पाठवा.

४. त्यांना भाजीची नाही, पसाऱ्याची चीड असते.

सुनावणीला तिघं जण समोर होते. त्यातल्या एका गृहस्थांनी सरळ सांगितलं, "तुम्ही काय खाता याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. ऑगस्टमध्ये सगळं वाळून उभं राहतं ते आम्हाला बघवत नाही." ऐकायला कडू, पण खरं. ह्यूस्टनचा ऑगस्ट टोमॅटोला जाळून काढतो, आणि उघडे बोडके वाफे रस्त्यावरून दिसतात.

म्हणून पुढे लावायची ती झाडं अशी निवडली की ज्यांना इथे शोभेचीच समजतात. अळू घ्या. 'एलिफंट इअर' म्हणून त्याचे भाऊबंद इथे निम्म्या घरांपुढे डौलात उभे असतात आणि त्यांना कोणी पत्र पाठवत नाही. (दुकानातलं शोभेचं रोप आणून त्याच्या वड्या करू नका, त्यातल्या कित्येक जाती घसा धरतात. खात्रीचा कंद हवा. शिवाय अळू इथल्या नदी-ओढ्यांच्या काठी माजलेलं आहे, तेव्हा कापलेले कंद ओढ्यात फेकू नका.) अंबाडीची लाल बोंडं ऑक्टोबरात अशी दिसतात की येणारे-जाणारे नाव विचारतात. लाल माठ, लाल देठाची वेलाची पोई, कर्दळीसारखी दिसणारी हळद, कडेला गवती चहाचे ठोंबे. हे सगळं उन्हाळ्यात तग धरतं, आणि तेव्हाच तर टोमॅटो मान टाकतो. थंडी सुरू झाली की त्याच जागी मेथी, कोथिंबीर, पालक. ह्यूस्टनला कोथिंबीर नोव्हेंबरची, मे महिन्याची नव्हे. मे महिन्यात ती हातभर वाढून फुलावर येते.

रोझलिंड क्रिझी यांनी खाण्याजोग्या झाडांनी अंगण सजवण्यावर १९८२ मध्येच जाडजूड पुस्तक लिहिलंय. त्यातली मेख साधी आहे: कड रेखीव ठेवा. वाफ्याला विटांची किंवा दगडाची नीट किनार असली, मध्ये आच्छादन असलं आणि बारमाही हिरवं काहीतरी पुढच्या रांगेत असलं की मागे काय आहे ते कोणी मोजत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, भांडं घासूनपुसून न्यायचं.

५. मांडव मागे. दुधी, कारलं, घोसाळी, पडवळ यांचा पुढे हट्ट धरू नका. सावलीतून जेवढं ऊन मिळतं तेवढ्यावर ते मागच्या कुंपणाशी येतात. पीक निम्मं, डोक्याला ताप नाही.

६. समितीकडे अर्ज आधी करा, आराखड्यासकट.

चौकटीच्या कागदावर मोजमापं, वाफ्याची उंची, किनारीचं सामान, कोणत्या महिन्यात काय असेल, असं सगळं द्या. झाडांची नावं वनस्पतिशास्त्रीय लिहा. 'हिबिस्कस सबडरिफा' वाचून कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. टेक्ससमध्ये समितीने नकार दिला तर तिला तो लेखी आणि कारणांसह द्यावा लागतो. कारण एकदा कागदावर आलं की त्याला उत्तर देता येतं.

खणण्याआधी ८११ ला फोन करा. गॅस आणि केबल कुठून जातात ते फुकट आखून देतात. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली पट्टी सहसा आपली नसतेच. तिथे काही लावू नका.

७. माती, पाणी, खत.

इथली माती 'गंबो': पावसात पायाला किलोभर चिकटते आणि उन्हात भेगाळते. ज्यांनी मराठवाड्यातली काळी पाहिली आहे त्यांना ती लगेच ओळखू येईल. ती खणत बसण्यापेक्षा वर दहा-बारा इंचांचा वाफा उचला. कंपोस्ट, पावसाच्या पाण्याची पिंपं आणि ठिबक यांवर टेक्ससमध्ये संघाला सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र जागा ते ठरवू शकतात, आणि पिंप घर आणि रस्ता यांच्यामध्ये ठेवायला नाही म्हणू शकतात.

८. कढीपत्त्याचा जीव कुंडीत.

फेब्रुवारी २०२१ च्या बर्फाने ह्यूस्टनमधले जमिनीतले कितीतरी कढीपत्ते गेले. कुंडीतलं झाड गॅरेजमध्ये ओढता येतं. दुसरं असं की लिंबूवर्गीय झाडांचा 'ग्रीनिंग' रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावर पोसली जाते, म्हणून या भागातून ही रोपं बाहेर न्यायला निर्बंध आहेत. डॅलसच्या मावशीला रोप नेऊ नका. तसंच भारतातून बॅगेत बी आणू नका. पेरायच्या बियाण्याला कृषी प्रमाणपत्र लागतं, आणि दुधी-भेंडीचं बी इथेही मिळतं.

९. तक्रार समिती करत नाही, शेजारी करतो.

समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका पहिलं वर्षभर पडद्याआडून बघत होत्या. एक दिवस मीच कोवळी भेंडी घेऊन गेले. भेंडी त्यांना माझ्याइतकीच माहीत होती. दक्षिणेतल्या बाई त्या. मग त्यांनी त्यांच्या आईच्या 'व्हिक्टरी गार्डन'ची गोष्ट काढली. दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच लोकांना लॉन खणून भाजी लावायला सांगितलं होतं. १९४३ मध्ये देशात अशा सुमारे दोन कोटी बागा होत्या आणि एलिनॉर रूझवेल्टनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवरही वाफा केला होता. युद्ध संपलं, उपनगरं वाढली आणि लॉन पुन्हा प्रतिष्ठेचं झालं. पुढच्या अर्जाला या बाईंनी आपणहून पाठिंब्याचं पत्र जोडलं. माझ्या सगळ्या कलमांपेक्षा ते जास्त चाललं.

१०. नियम बदलता येतात, पण डोकी मोजून.

टेक्ससमध्ये कॉलनीच्या मूळ अटी बदलायला एकूण मतांच्या ६७ टक्के मतं लागतात, मूळ दस्तात याहून कमी प्रमाण सांगितलेलं नसेल तर. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण. पुण्याच्या सोसायटीत पार्किंगच्या ठरावाला गणपूर्ती होत नाही, तशीच इथेही होत नाही. समितीची मार्गदर्शक तत्त्वं मात्र संचालक मंडळ स्वतःच बदलू शकतं, आणि मंडळावर निवडून यायला बऱ्याचदा मूठभर मतं पुरतात. आपली माणसं मोठमोठी घरं घेतात, वर्गणी वेळेवर भरतात आणि सभेला जात नाहीत. वार्षिक सभेची नोटीस येते ती जाहिरातींच्या गठ्ठ्यात. ती कचऱ्यात टाकू नका. जाता येत नसेल तर निदान प्रॉक्सीवर सही करून शेजाऱ्याकडे द्या.