घटक ७ : युक्तिवादाचे परीक्षण – रॉन पॉल यांचा अहस्तक्षेपवाद आणि इराणचा अण्वस्त्रप्रश्न

या घटकाच्या अभ्यासानंतर एखाद्या वादग्रस्त राजकीय भूमिकेचा पूर्वपक्ष तिच्या समर्थकालाही मान्य होईल अशा शब्दांत तुम्हांला मांडता यावा, तिच्यामागील गृहीतके वेगळी काढता यावीत आणि आपला आक्षेप नेमक्या कोणत्या गृहीतकावर आहे हे सांगता यावे, अशी अपेक्षा आहे.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, न्यायदर्शनाने केलेला वाद, जल्प आणि वितंडा हा भेद तुमच्या परिचयाचा आहे. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करते ती वितंडा. हा भेद व्याख्येपुरता पाठ करणे सोपे आहे. तो प्रत्यक्ष चर्चेला लावून पाहिला की अडचणी सुरू होतात. त्यासाठी येथे मुद्दाम दूरचे उदाहरण घेतले आहे. आपल्या गावातील किंवा राज्यातील प्रश्नावर आपली मते बहुधा आधीच ठरलेली असतात आणि मग युक्तिवाद तपासण्याऐवजी आपण माणसे तपासू लागतो.

११ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एम्स येथे रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी इच्छुक असलेल्या नेत्यांची जाहीर चर्चा झाली. टेक्सासचे प्रतिनिधी रॉन पॉल यांना इराणविषयी प्रश्न विचारण्यात आला. इराणच्या आसपास चीन, भारत, पाकिस्तान, इस्राएल अशी अण्वस्त्रधारी राष्ट्रे आहेत. मग त्या देशाला अण्वस्त्र हवेसे वाटले तर त्यात अस्वाभाविक काय, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. तीस हजारांच्या आसपास अण्वस्त्रे बाळगणाऱ्या सोव्हिएत संघाशी आपण बोलणी केली, मग इराणशी का नाही, असेही त्यांनी विचारले. माजी सिनेटर रिक सँटोरम यांनी तत्काळ प्रत्युत्तर दिले : इराण १९७९पासून आपल्याशी युद्धच करत आहे. त्यावर पॉल म्हणाले की, सिनेटरांचा इतिहास चुकतो आहे. ही कथा १९७९मध्ये नव्हे, १९५३मध्ये सुरू होते.

काही मिनिटांच्या या खडाजंगीत आपल्याला हवी ती सारी सामग्री आहे.

७.२ पूर्वपक्ष

पॉल हे व्यवसायाने प्रसूतितज्ज्ञ. १९६०च्या दशकात त्यांनी अमेरिकी हवाई दलात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले होते. म्हणजे ‘लष्कर ज्याने पाहिलेच नाही असा स्वप्नाळू शांततावादी’ हे त्यांचे वर्णन टिकत नाही. ऑक्टोबर २००२मध्ये इराकविरुद्ध लष्करी बळ वापरण्याच्या ठरावाला प्रतिनिधिगृहातील ज्या सहा रिपब्लिकन सदस्यांनी विरोध केला, त्यांत ते एक होते. परंतु सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर हल्लेखोरांविरुद्ध बळाचा वापर करण्यास त्यांनी अनुमती दिली होती. यावरून त्यांची भूमिका ‘युद्ध कधीच नको’ अशी नसून ‘स्वतःवरील आक्रमणाखेरीज आणि संसदेच्या संमतीखेरीज युद्ध नको’ अशी आहे, हे ध्यानात येईल. युद्ध घोषित करण्याचा अधिकार अमेरिकी राज्यघटनेने अध्यक्षाला नव्हे, काँग्रेसला दिला आहे, या कलमावर त्यांचा सतत भर असे.

या भूमिकेला परंपरा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६च्या निरोपपत्रात परकीय राष्ट्रांशी कायमस्वरूपी युती करण्याविरुद्ध इशारा दिला होता. थॉमस जेफरसन यांनी १८०१मध्ये सर्व राष्ट्रांशी मैत्री व व्यापार ठेवावा, पण कोणाच्याही युतीत गुंतू नये, असे धोरण मांडले. पॉल स्वतःला या धाग्याचे वारस मानत.

आता युक्तिवादाची मांडणी पाहू. तीत तीन स्वतंत्र विधाने आहेत आणि चर्चेच्या ओघात ती एकमेकांत मिसळून गेलेली दिसतात. पहिले विधान कारणमीमांसेचे आहे : बाहेरून केलेल्या हस्तक्षेपाचे परिणाम उशिरा, पण उलटून येतात. यासाठी पॉल ‘ब्लोबॅक’ ही अमेरिकी गुप्तचर खात्यातून आलेली संज्ञा वापरत. आपण तिला ‘प्रत्याघात’ म्हणू. इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसादेक यांनी १९५१मध्ये तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले; १९५३मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या साहाय्याने त्यांना पदच्युत करण्यात आले आणि शहांची सत्ता बळकट झाली. १९७९ची क्रांती आणि तेहरानमधील दूतावासात ५२ अमेरिकनांना ४४४ दिवस ओलीस ठेवण्याची घटना यांचे मूळ पॉल तेथे शोधतात. दुसरे विधान मानसशास्त्रीय आहे : वेढलेल्या राष्ट्राला अण्वस्त्राची इच्छा होणे समजण्याजोगे आहे. तिसरे विधान धोरणाचे आहे : म्हणून निर्बंध आणि बॉम्बहल्ला यांऐवजी संवाद व व्यापार हा मार्ग धरावा. निर्बंध हे त्यांना युद्धाकडे नेणारे पाऊल वाटे.

ही तिन्ही विधाने एकदम स्वीकारावी किंवा नाकारावी लागत नाहीत. पहिले मान्य करून तिसरे अमान्य करणारा वाचक असू शकतो. चांगले परीक्षण येथूनच सुरू होते.

७.३ शब्दांची वाट

मराठीतून या विषयावर लिहिताना एक घोटाळा हमखास होतो. ‘अहस्तक्षेप’, ‘अलिप्तता’ आणि ‘अलगता’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. अलिप्ततावाद हा शब्द आपल्याकडे नेहरूकालीन परराष्ट्रधोरणासाठी रूढ झाला. त्याचा अर्थ दोन्ही महासत्तांच्या लष्करी गटांपासून दूर राहणे. जागतिक प्रश्नांपासून दूर राहणे असा नव्हे. अलगतावाद म्हणजे व्यापार, स्थलांतर, राजनय या सर्वांतूनच अंग काढून घेणे. पॉल यांच्यावर विरोधक हेच बिरूद चिकटवत आणि ते ते नाकारत. व्यापार व संवाद वाढवा, सैन्य मागे घ्या, असे त्यांचे म्हणणे असे. अहस्तक्षेप म्हणजे दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात बळाने हात न घालणे. १९५४च्या पंचशील तत्त्वांत तो भारताने चीनबरोबर स्वीकारला होता. एक शब्द चुकला की पूर्वपक्ष बदलतो आणि आपण ज्याने जे म्हटलेच नाही त्याचे खंडन करत बसतो. शेतातल्या बुजगावण्याशी कुस्ती खेळण्याचाच हा प्रकार.

७.४ उत्तरपक्ष

सँटोरम यांच्या उत्तरात एक हेत्वाभास आहे आणि एक खरा मुद्दाही आहे. हेत्वाभास असा की, कारण सांगणे आणि समर्थन करणे हे त्यांनी एकच मानले. रोग का झाला हे सांगणारा वैद्य रोगाचा कैवारी नसतो. मे २००७मध्ये दक्षिण कॅरोलिनातील चर्चेत रूडी जुलियानी यांनी पॉल यांना विधान मागे घेण्याचे आव्हान दिले तेव्हाही हीच गल्लत झाली होती. टाळ्या जुलियानींना मिळाल्या. टाळ्या हा जल्पाचा निकष आहे, वादाचा नव्हे.

खरा मुद्दा असा : इराणच्या राज्यकर्त्यांचे वर्तन केवळ १९५३ची प्रतिक्रिया म्हणून समजावून देता येत नाही. त्या राजवटीला स्वतःची विचारसरणी, स्वतःची महत्त्वाकांक्षा आहे. दुसऱ्या देशाच्या प्रत्येक कृतीचे मूळ आपल्या चुकीत शोधणे यात नम्रता दिसली तरी एक सूक्ष्म अहंकारही असतो; जणू जगातील सारे कर्तेपण आपल्याकडेच आहे. प्रत्याघाताच्या सिद्धान्तातील हे सर्वांत कच्चे स्थान आहे, असे आम्हांला वाटते.

याहून वजनदार आक्षेप पॉल यांच्या स्वतःच्याच दाखल्यातून निघतो. सोव्हिएत संघाला अमेरिकेने केवळ बोलणी करून रोखले नाही. त्या बोलण्यांमागे नाटो करार होता, पश्चिम जर्मनीत अमेरिकी फौजा होत्या, प्रतिहल्ल्याची सिद्धता होती. पॉल ज्या युती आणि जे परदेशी तळ मोडीत काढू पाहत होते, त्यांच्याच बळावर तो ‘संवाद’ उभा होता. शिवाय परस्परांच्या धाकाने आलेली स्थिरता पहिल्या दिवसापासून नव्हती. १९६२च्या क्यूबा पेचप्रसंगात जग विनाशाच्या काठावर जाऊन आले आणि त्यानंतर १९६३मध्ये वॉशिंग्टन व मॉस्को यांच्यात थेट संपर्कव्यवस्था उभी राहिली. धाक शिकावा लागतो आणि तो शिकण्याचा काळ फार धोक्याचा असतो.

आणखी एक फरक पॉल यांच्या उत्तरात हरवतो. भारत, पाकिस्तान आणि इस्राएल यांनी अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही. इराणने १९६८मध्ये केली आहे. १ जानेवारी १९६७पूर्वी स्फोट करणाऱ्यांनाच अण्वस्त्रधारी मानणारा हा करार पक्षपाती आहे, असे भारत सतत म्हणत आला, पण म्हणूनच तो बाहेर राहिला. आत राहून शांततामय अणुतंत्रज्ञानाचा हक्क मागायचा आणि तपासणी टाळायची, ही वेगळी गोष्ट आहे. नातांझ येथील समृद्धीकरण केंद्राची माहिती २००२मध्ये आणि फोर्दोची २००९मध्ये जगापुढे आली, ती इराणने वेळेवर स्वेच्छेने दिली म्हणून नव्हे.

पॉल यांच्या बाजूने यावर काय म्हणता येईल? बरेच काही. अमेरिकी गुप्तचर संस्थांच्या २००७मधील मूल्यांकनानुसार इराणने अण्वस्त्रनिर्मितीचा कार्यक्रम २००३मध्ये थांबवला होता. हेतू आणि क्षमता यांत अंतर असते. इराणचे राज्यकर्ते अविवेकी आहेत म्हणून त्यांच्यावर धाक चालणार नाही, हे विरोधकांचे गृहीतकही तपासावे लागेल. आठ वर्षे इराकशी लढल्यावर १९८८मध्ये याच राजवटीने युद्धबंदी स्वीकारली. किंमत मोजता येणाऱ्याचे हे वर्तन आहे. लिबियाने डिसेंबर २००३मध्ये अण्वस्त्रकार्यक्रम सोडला आणि २०११मध्ये नाटोच्या हवाई हल्ल्यांच्या साथीने गद्दाफींची सत्ता उलथली गेली. उत्तर कोरियाने २००६मध्ये चाचणी केली आणि त्याच्यावर असा हल्ला झाला नाही. या दोन उदाहरणांवरून कोणत्याही भयग्रस्त राज्यकर्त्याने काय धडा घ्यावा? हस्तक्षेप प्रसाराला आळा घालतो की त्याला प्रोत्साहन देतो, हा प्रश्न पॉल यांच्या विरोधकांना आजही टाळता येत नाही.

मात्र अहस्तक्षेपालाही याच कसोटीला उतरावे लागते. अमेरिकेने आपले संरक्षक छत्र काढून घेतले तर जपान आणि दक्षिण कोरिया स्वतःची अण्वस्त्रे उभारणार नाहीत कशावरून? सुसंगत अहस्तक्षेपवादी म्हणेल : तो त्यांचा प्रश्न. १९८१मध्ये इस्राएलने इराकची अणुभट्टी उद्ध्वस्त केली तेव्हा इस्राएलच्या निषेधाला आपण विरोध केला होता, असे पॉल सांगत. सुसंगतपणाचाच हा नमुना. पण अण्वस्त्रांच्या बाबतीत ‘तो त्यांचा प्रश्न’ हे वाक्य पुरते खरे ठरत नाही, कारण किरणोत्सर्गाला सीमा कळत नाहीत.

७.५ घटनांची साक्ष

जानेवारी २०१२मध्ये दक्षिण कॅरोलिनातच पॉल यांनी परराष्ट्रधोरणालाही सुवर्णनियम लावावा, म्हणजे जे आपल्याला केलेले चालणार नाही ते दुसऱ्यांना करू नये, असे सुचवले. श्रोत्यांनी हुर्यो उडवली. त्या महिन्याच्या आरंभी आयोवात मात्र त्यांना सुमारे २१ टक्के मते मिळून ते तिसरे आले होते.

पुढच्या घटनांनी कोणाला खरे ठरवले? जुलै २०१५च्या करारानुसार इराणने समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे मान्य केले. मे २०१८मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली. २०२१मध्ये इराण ६० टक्क्यांवर पोहोचला. जून २०२५मध्ये इस्राएल आणि पाठोपाठ अमेरिका यांनी इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. पॉल यांचा समर्थक म्हणेल की संवाद फळला आणि दबाव फसला. विरोधक म्हणेल की २०१५चा करारसुद्धा कडक निर्बंधांमुळेच शक्य झाला होता आणि पॉल यांचा निर्बंधांनाच विरोध होता. दोघेही त्याच घटना सांगतात. वेगळा आहे तो घटनाक्रमाचा निवडलेला आरंभबिंदू. एम्सच्या व्यासपीठावर १९५३ की १९७९ हा झगडा होता, तोच येथे २०१५ की २०१८ या रूपात परत येतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

पॉल यांच्या तीन विधानांपैकी तुम्हांला सर्वांत अमान्य वाटणारे विधान निवडा आणि त्याचा पूर्वपक्ष १५० शब्दांत, एकही उपरोधिक विशेषण न वापरता लिहा. त्यानंतरच त्यावरील आक्षेप तेवढ्याच शब्दांत मांडा. संपर्कसत्रात दोन्ही परिच्छेद सहाध्यायाला वाचून दाखवा आणि तुमचे स्वतःचे मत कोणते, हे त्याला पहिल्या परिच्छेदावरून ओळखता येते का ते विचारा.